भाग २ चे गुण गळतात कुठे?

पत्र: मी बीड जिल्ह्यातल्या मराठी माध्यमाच्या शाळेत दहावीला विज्ञान शिकवते. माझी पदवी भौतिकशास्त्राची आहे. वर्गात ४६ मुले. प्रथम सत्र परीक्षेत विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १ मध्ये वर्गाची सरासरी ४० पैकी २४ आली, भाग २ मध्ये मात्र १६. तोंडी विचारले तर हीच मुले जीवशास्त्राचे धडे घडाघडा सांगतात. मुख्याध्यापक म्हणतात जादा तास घ्या आणि अपेक्षित प्रश्नसंच सोडवून घ्या. पालक म्हणतात मुले वाचतच नाहीत. बारा-तेरा मुलांचे आईवडील ऊसतोडीला गेलेत, ती मुले दिवाळीपासून रोज येत नाहीत. प्रयोगशाळेत दोन सूक्ष्मदर्शक आहेत, एकाचा आरसा फुटलेला. बोर्डाला दहा आठवडे उरलेत. माजी विद्यार्थी शाळेला थोडी रक्कम देणार आहेत, ती कशावर खर्च करावी? नेमके कारण कोणते आणि सुरुवात कुठून करू?
– एक विज्ञान शिक्षिका

मॅडम, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे २४ आणि १६ हे दोन आकडे. मुले तीच, घरे तीच, शाळा तीच, शिकवणाऱ्याही तुम्हीच. मुले वाचत नाहीत, घरी वातावरण नाही, गैरहजेरी जास्त आहे ही सगळी कारणे खरी असली तरी ती दोन्ही भागांना सारखीच लागू होतात. मधला ८ गुणांचा फरक त्यांनी उलगडत नाही. तो फरक भाग २ कसा शिकवला जातो, कसा वाचला जातो आणि पेपरात कसा लिहिला जातो, यातच कुठेतरी आहे. म्हणून जादा तासाचा निर्णय आठवडाभर बाजूला ठेवा. कशासाठी घ्यायचा हे ठरण्याआधी लावलेला जादा तास म्हणजे तोच धडा पुन्हा एकदा वाचून दाखवणे.

आधी दोन-अडीच तास उत्तरपत्रिकांना द्या. सत्र परीक्षेच्या बारा उत्तरपत्रिका काढा: वरच्या गटातल्या चार, मधल्या चार, खालच्या चार. मिळालेले गुण बघू नका, गेलेले गुण बघा. गेलेल्या प्रत्येक गुणापुढे पेन्सिलीने एक अक्षर लिहा. उत्तर कोरे सोडले असेल तर ‘को’. प्रश्न नीट वाचला नाही, म्हणजे फरक विचारला होता आणि व्याख्या लिहिली, असे असेल तर ‘प्र’. उत्तर बरोबर सुरू झाले पण मधला दुवा गायब आहे, तर ‘तु’, म्हणजे तुटके. दोन संकल्पनांची सरमिसळ झाली असेल तर ‘गो’. आकृती किंवा तिच्यातली नावे चुकली असतील तर ‘आ’. एका गुणाला एकच अक्षर. दोन चुका एकत्र दिसल्या तर जी आधी घडली ती धरा: प्रश्नच चुकीचा वाचला असेल तर पुढच्या गोंधळाला अर्थ नाही. मग या अक्षरांची धड्यानुसार बेरीज करा.

आता हा तक्ता वाचायचा कसा? बाराही जणांचे ‘को’ एकाच धड्यावर पडत असतील तर तो धडा वर्गात नीट झालेला नाही, मुलांना दोष देऊ नका. ‘को’ फक्त खालच्या चौघांत आणि ठरावीक आठवड्यांत शिकवलेल्या धड्यांवर असेल तर हजेरीपत्रक समोर ठेवून बघा, कारण तिथेच सापडेल. ‘तु’ वरच्या आणि मधल्या गटात दाटलेला असेल तर मुलांना विषय येतो, लिहिता येत नाही. तुमच्या वर्गात ‘तु’ सगळ्यात मोठा निघेल असा आमचा अंदाज आहे. तोंडी उत्तर घेताना मूल अडखळले की आपण सहज “बरं, मग?”, “का बरं?” असे विचारतो. त्या एका शब्दाने राहिलेला दुवा आपणच पुरवत असतो आणि मुलाला (आणि आपल्यालाही) वाटते की उत्तर पूर्ण आले. पेपरात “मग?” विचारणारे कोणी नसते.

हे कुठे महाग पडते ते गुणांच्या वाटणीवरून कळेल. ४० गुणांपैकी पहिला प्रश्न १० गुणांचा: ५ बहुपर्यायी, ५ जोड्या, सहसंबंध, वेगळा घटक, चूक की बरोबर वगैरे. दुसऱ्या प्रश्नात शास्त्रीय कारणे तीनपैकी दोन, ४ गुण. आणि पाचपैकी तीन छोटी उत्तरे, ६ गुण. तिसरा प्रश्न आठपैकी पाच, प्रत्येकी ३, म्हणजे १५. चौथा दोनपैकी एक, ५ गुणांचा. म्हणजे ३० गुण असे आहेत जिथे वाक्ये, तक्ता किंवा आकृती मुलाने स्वतः उभी करायची आहे. भाग १ मध्ये गणित असते. सूत्र लिहिले, किमती घातल्या, एकक लिहिले की पायरीपायरीने गुण मिळत जातात. पायऱ्या तिथे सूत्रच दाखवते. भाग २ मध्ये पायऱ्या मुलाला स्वतः बांधाव्या लागतात, आणि ते बांधणे आपण वर्गात क्वचितच शिकवतो.

वेळेचे कारण मात्र डोक्यातून काढून टाका. २ तासांत ४० गुण, म्हणजे गुणामागे ३ मिनिटे. ही घाई नाही. “वेळ पुरला नाही” म्हणणाऱ्या मुलाची उत्तरपत्रिका पाहिली तर पहिल्या पाऊण तासात २ गुणांच्या प्रश्नाला पाऊण पान लिहिलेले सापडते.

शास्त्रीय कारणांपासून सुरुवात करा, कारण तिथे शिकलेली सवय सगळ्या पेपरभर उपयोगी पडते. २ गुणांच्या कारणाला साधारण चार दुवे लागतात. उदाहरण घ्या: मुलगा होणार की मुलगी, हे वडिलांकडून येणाऱ्या गुणसूत्रावर अवलंबून असते. बहुतेक मुले लिहितात, “कारण पुरुषांमध्ये एक्स आणि वाय अशी गुणसूत्रे असतात,” आणि थांबतात. विधान खरे आहे, पण कारण अर्धे. पूर्ण साखळी अशी: स्त्रीच्या सर्व अंडपेशींत एक्स गुणसूत्रच असते, पुरुषाच्या शुक्रपेशींपैकी काहींत एक्स तर काहींत वाय असते, एक्स असलेल्या शुक्रपेशीने फलन झाले तर मुलगी, वाय असलेल्या शुक्रपेशीने झाले तर मुलगा, म्हणून लिंग शुक्रपेशीतल्या गुणसूत्रावर ठरते. पहिला दुवा, स्त्रीबद्दलचा, सगळ्यात जास्त वेळा गळतो. त्याच्याशिवाय उत्तर सिद्धच होत नाही, कारण अंडपेशींमध्येही दोन प्रकार असते तर निष्कर्ष बदलला असता.

दुसरे: जोराचा व्यायाम केल्यावर थकल्यासारखे का वाटते? “लॅक्टिक आम्ल तयार होते म्हणून” हे उत्तर साखळीचा तिसरा दुवा आहे. त्याआधी स्नायूंची ऊर्जेची गरज वाढते हे यायला हवे, मग ऑक्सिजन अपुरा पडतो आणि स्नायूपेशी विनॉक्सी श्वसन करतात हे यायला हवे, आणि त्यात ऊर्जा कमी मिळते हेही. (आजचे शरीरक्रियाशास्त्र थकव्याचा सगळा दोष लॅक्टिक आम्लावर टाकत नाही. एखाद्या चौकस मुलाने विचारले तर खुशाल सांगा, पण पेपरात पाठ्यपुस्तकातली साखळीच लिहायला सांगा. एका ग्लुकोजपासून ३८ एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू) या आकड्याचेही तसेच. नवी पुस्तके ३०–३२ म्हणतात.)

वर्गात हे करून घेण्याची पद्धत: फळ्यावर फक्त विधान आणि शेवटचा “म्हणून…” लिहा. मधल्या तीन ओळी मोकळ्या सोडा. मुलांनी चार मिनिटांत त्या भराव्यात, मग वही शेजाऱ्याला द्यावी. शेजाऱ्याने प्रत्येक दोन ओळींच्या मध्ये बोट ठेवून “मग?” विचारायचे, उत्तर कागदावर नसेल तर तिथे फुली. एका तासात चार कारणे होतात, त्याहून जास्त घेऊ नका. पहिल्या आठवड्यात मुले वैतागतील, कारण त्यांना वाटत होते की आपल्याला येते.

‘फरक स्पष्ट करा’ची गळती वेगळी असते. मूल डाव्या रकान्यात सूत्री विभाजनाची चार वाक्ये लिहिते, उजव्या रकान्यात अर्धसूत्री विभाजनाची दुसरीच चार वाक्ये. डावीकडे “कायिक पेशींत होते” आणि त्याच्यासमोर उजवीकडे “चार पेशी तयार होतात”. दोन्ही बरोबर, पण फरक एकही नाही. तिसरा, अरुंद रकाना मधोमध काढायला लावा आणि त्यात आधी निकष लिहायला लावा: कुठे होते, किती पेशी बनतात, गुणसूत्रसंख्येचे काय होते, कशासाठी होते. निकष लिहिला की समोरासमोरची वाक्ये आपोआप जुळतात. परीक्षेत तो रकाना ठेवला तरी काही बिघडत नाही.

आता ‘गो’, म्हणजे गोंधळ. इथे तुमच्या पदवीचा मुद्दा येतो आणि तो टाळण्यात अर्थ नाही. भौतिकशास्त्राचे शिक्षक आनुवंशिकता, जीवनप्रक्रिया भाग १ आणि २, प्राण्यांचे वर्गीकरण आणि पेशीविज्ञान हे धडे बहुधा पुस्तकाजवळ राहून शिकवतात. जीवशास्त्राचे शिक्षक गुरुत्वाकर्षण आणि भिंगे शिकवताना नेमके हेच करतात. पुस्तकाजवळ राहिले की सगळी वाक्ये सारख्याच वजनाने वाचली जातात आणि मुलाला कळत नाही की कोणती दोन वाक्ये एकमेकांपासून जपून वेगळी ठेवायची आहेत. तुम्ही ‘हरित ऊर्जेच्या दिशेने’ हा धडा नक्कीच छान शिकवत असाल. तिथे औष्णिक आणि अणुविद्युत केंद्रांत फरक फक्त उष्णता कुठून येते एवढाच आहे, पुढे वाफ, टर्बाइन, जनित्र सगळे तेच, हे तुम्ही सहज सांगता. तीच नजर पेशीविभाजनाला लावायची आहे. शक्य असेल तर जवळच्या शाळेतल्या जीवशास्त्राच्या शिक्षकांशी अदलाबदल करा: त्यांनी तुमच्या वर्गावर जीवनप्रक्रियेचे दोन-तीन तास घ्यावेत, तुम्ही त्यांच्या वर्गावर भिंगांचे. मुख्याध्यापकांना हे जादा तासापेक्षा सोपे पडेल.

गोंधळाच्या जागा बहुतेक वर्गांत त्याच असतात. श्वासोच्छ्वास आणि पेशीस्तरावरचे श्वसन. ग्लायकोलायसिस पेशीद्रव्यात होते आणि क्रेब्ज चक्र तंतुकणिकेत, यांची उलटापालट. लॅमार्क आणि डार्विन: डार्विनवरच्या उत्तरात लॅमार्कचा जिराफ मान ताणून ताणून लांब करतो आणि ३ पैकी अर्धा गुण घेऊन येतो. उत्क्रांतीतले जोडणारे दुवे कोणाला कोणाशी जोडतात: पेरिपॅटस वलयी आणि संधिपाद प्राण्यांना, लंगफिश मत्स्य आणि उभयचरांना, डकबिल प्लॅटिपस सरीसृप आणि सस्तन प्राण्यांना. यातले शेवटचे जोडीने पाठ करण्याचे आहे, बाकीचे समजून घेण्याचे.

दोन ठिकाणी मात्र हाताने केल्याशिवाय गोंधळ जात नाही.

पहिले प्रथिन संश्लेषण. प्रतिलेखन, स्थानांतरण, भाषांतरण हे तीन शब्द मुले कुठल्याही क्रमाने फेकतात. बारा अक्षरांची कागदी पट्टी द्या, डीएनएच्या एका धाग्याची: टी-ए-सी अशी सुरुवात ठेवा. तिच्यावरून मुलांनी एम-आरएनएची, म्हणजे डीएनएचा निरोप घेऊन जाणाऱ्या रेणूची, पट्टी लिहायची: ए-यू-जी. इथेच निम्म्या मुलांची चूक पकडली जाते, ती यूच्या जागी टी लिहितात. आरएनएमध्ये थायमिन नसते, युरॅसिल असते. हे झाले प्रतिलेखन, आणि ते केंद्रकात होते. मग पट्टी बाकावर ठेवून तिच्यावरून खोडरबर तीन-तीन अक्षरे पुढे सरकवायचा. खोडरबर म्हणजे रायबोझोम, पेशीतली प्रथिने बनण्याची जागा. दर तीन अक्षरांना शेजारच्याने एकेक मणी किंवा बटण आणून द्यायचे, तो टी-आरएनए आणि त्याने आणलेले अमिनो आम्ल. तीन अक्षरांचा अर्थ लावून योग्य मणी येणे म्हणजे भाषांतरण, खोडरबर पुढे सरकणे म्हणजे स्थानांतरण. वीस मिनिटे लागतात.

दुसरे पेशीविभाजन. लाल आणि पिवळी लोकर आणा. चार-चार मुलांचे दहा आणि तिघांचे दोन असे बारा गट होतील. प्रत्येक गटाला १० सेंमीचे चार तुकडे (दोन लाल, दोन पिवळे) आणि ५ सेंमीचे चार (दोन लाल, दोन पिवळे). एकाच रंगाचे आणि लांबीचे दोन तुकडे मधोमध सैल गाठीने बांधले की दोन अर्धगुणसूत्रांचे एक गुणसूत्र होते; अशी चार गुणसूत्रे, म्हणजे दोन जोड्या. एका रंगाची साडेतीन-पावणेचार मीटर लोकर पुरते. बाकावर खडूने पेशी आखून आधी सूत्री विभाजन करायचे: चारही गुणसूत्रे मध्यावर एका रांगेत, मग गाठी सोडून अर्धी इकडे, अर्धी तिकडे. नंतर पुन्हा बांधून अर्धसूत्री: या वेळी लाल-पिवळ्याच्या जोड्या मध्यावर, आणि पहिल्या फेरीत गाठी सोडायच्या नाहीत, जोडीतले अख्खे गुणसूत्र इकडे आणि अख्खे तिकडे. गाठ दुसऱ्या फेरीत सुटते. गुणसूत्रांची संख्या निम्मी कधी होते, हा प्रश्न इथे पहिल्यांदा मुलांना स्वतःहून पडतो. गाठ आधी सोडणारा गट दिसला की थांबवू नका. शेवटी मोजायला लावा, चूक त्यांनाच सापडते.

आकृत्यांकडे वळू. मुले आकृती ‘चित्र’ म्हणून काढतात आणि छायांकनात पंधरा मिनिटे घालवतात. परीक्षकाला प्रमाण, जागा आणि नावे हवी असतात. एचबी पेन्सिल, अर्ध्या पानाची आकृती, छाया नाही, नावे शक्यतो उजवीकडे एकाखाली एक, नावांच्या रेषा पट्टीने, बाणाशिवाय, एकमेकींना न छेदता आणि रेषेचे टोक त्या भागाला टेकलेले. स्त्री प्रजनन संस्था, पुरुष प्रजनन संस्था, फुलाची रचना आणि सूत्री विभाजनाच्या अवस्था एवढ्या तरी प्रत्येकी पाच-सहा मिनिटांत न बघता आल्या पाहिजेत. विभाजनाच्या आकृत्यांत दोन चुका कायमच्या: मध्यावस्थेत केंद्रकाचे आवरण दाखवणे, आणि पश्चावस्थेत गुणसूत्रांच्या भुजा ध्रुवाकडे काढणे. गुणसूत्रबिंदू (दोन अर्धगुणसूत्रे जुळतात ती जागा) पुढे ओढला जातो, भुजा मागे फरपटत येतात, म्हणजे इंग्रजी व्हीचे टोक ध्रुवाकडे हवे. लोकरीच्या खेळात गाठीला धरून ओढायला लावले की हे पुन्हा सांगावे लागत नाही.

‘सजीवांतील जीवनप्रक्रिया भाग २’ अनेक शाळांत “घरी वाचून या” म्हणून उरकला जातो. मुलेमुली एकत्र असलेल्या वर्गात शिक्षकांनाच संकोच वाटतो. पण ३ आणि ५ गुणांचे प्रश्न याच धड्यातून सहज येऊ शकतात, आणि न शिकवलेल्या धड्याची किंमत मुले ‘को’मध्ये मोजतात. उपाय साधा आहे: माणसाच्या प्रजननाआधी फुलाचे दोन तास घ्या, सगळी शब्दावली तिथे रुळते. मग ऋतुचक्र २८ दिवसांच्या आडव्या रेषेवर मांडा: पहिले साधारण पाच दिवस रक्तस्राव, चौदाव्या दिवसाच्या सुमारास अंडमोचन, त्यानंतर पीतपिंड आणि प्रोजेस्टेरॉन, फलन झाले नाही तर पीतपिंडाचा ऱ्हास आणि पुन्हा पहिला दिवस. रेषेच्या वर अंडाशयात काय चालते, खाली गर्भाशयात काय चालते. आकडे आणि रेषा समोर असल्या की हशा पिकत नाही.

सोपे समजले जाणारे धडे मात्र उरलेले गुण गुपचूप खातात. पर्यावरणीय व्यवस्थापन, सामाजिक आरोग्य, आपत्ती व्यवस्थापन: इथे मुले निबंध लिहितात. “लोकांनी जागरूक राहिले पाहिजे” या वाक्याला गुण नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, पर्यावरण संरक्षण कायदा १९८६, आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५. आपत्तीपूर्व, आपत्तीदरम्यान आणि आपत्तीनंतर काय करायचे याचे वेगवेगळे मुद्दे. असे काहीतरी नेमके प्रत्येक उत्तरात असलेच पाहिजे. हे धडे वर्गात मोठ्याने वाचण्यात वेळ घालवू नका.

तोंडपाठ असूनही पेपरात न आठवण्यामागे अभ्यासाची पद्धतही आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग शिक्षकांनी वर्गात सांगावा असा आहे. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानंतर चित्र उलटले: पुन्हा वाचणारे ४२ टक्के, आठवून लिहिणारे ५६. तुमची मुले तोंडी घडाघडा सांगतात ती त्या पहिल्या पाच मिनिटांत. म्हणून धडा संपल्यावर तीन दिवसांनी आणि पुन्हा दहा दिवसांनी, पुस्तके बंद करून, एका पानावर आठवेल ते लिहायला लावा. मग पुस्तक उघडून राहिलेले दुसऱ्या रंगाच्या पेनाने भरायचे. दुसरा रंग दिसतो तेवढाच अभ्यास उरला आहे.

अपेक्षित प्रश्नसंचाबद्दल: त्यातले प्रश्न घ्या, उत्तरे झाकून ठेवा. त्या उत्तरांत २ गुणांना दहा-बारा ओळी असतात आणि मूल त्या जशाच्या तशा पाठ करते, त्यामुळेच पाऊण पान भरते. बोर्डाच्या जुन्या प्रश्नपत्रिका आणि पाठ्यपुस्तकातला स्वाध्याय याने बहुतेक काम भागते. मुलांना प्रश्नपत्रिकेवरच्या सूचनाही एकदा वाचून दाखवा. बहुपर्यायी प्रश्नांत पहिल्यांदा लिहिलेले उत्तरच धरले जाते, खोडून दुसरे लिहिले तरी उपयोग नाही. म्हणून शंका असेल तो प्रश्न उत्तर न लिहिता पुढे जावे आणि नंतर परत यावे. ‘कोणतेही पाच’ असेल तिथे मुले पहिले पाच लिहितात, येणारे पाच नाही. आठही वाचून पाचांसमोर खूण करायची सवय सराव परीक्षेपासूनच लावा.

ऊसतोडीला गेलेल्या घरांतल्या मुलांना वेगळी योजना लागेल, सगळ्या वर्गाची योजना त्यांना बसणार नाही. गावात आजीकडे राहिलेल्या मुलींवर स्वयंपाक, पाणी आणि धाकटी भावंडे येतात. रोज दोन तास अभ्यास करा हे सांगणे त्यांच्यासाठी निरर्थक आहे. त्यांच्यापुरते धडे निवडा. जी मुले आज ८–९ गुणांवर आहेत त्यांनी दहाही धड्यांना हात लावण्यापेक्षा पहिला प्रश्न सगळ्या धड्यांतून, आकृत्या चार, आणि ऊर्जा, पर्यावरण, सामाजिक आरोग्य, आपत्ती हे चार धडे पूर्ण करावेत. दर भेटीला एक पान द्या, पाच कारणांच्या मोकळ्या साखळ्यांचे. जेव्हा येतील तेव्हा ते भरून आणावे. आणि त्यांच्या अंतर्गत २० गुणांचे प्रयोग, प्रयोगवही आधीच पूर्ण करून घ्या, शेवटच्या आठवड्यात ती मुले हाती लागतीलच असे नाही.

दहा आठवड्यांचा हिशेब साधारण असा बसेल: पहिला आठवडा तक्ता आणि शास्त्रीय कारणे, दोन ते पाच जीवनप्रक्रिया, आनुवंशिकता आणि वर्गीकरण, लोकर आणि पट्ट्यांसह, सहावा सूक्ष्मजीवशास्त्र आणि जैवतंत्रज्ञान, सातवा उरलेले चार धडे, मग पूर्वपरीक्षा. तिच्या बारा उत्तरपत्रिकांवर तीच पाच अक्षरे पुन्हा लिहा. ‘तु’ कमी झाला आणि ‘गो’ तसाच राहिला तर शेवटचे दोन आठवडे लिखाण थांबवून फक्त गोंधळाच्या जोड्यांवर घालवा. उलट असेल तर उलट. जादा तास इथे घ्या, आणि सगळ्या वर्गाचा नको, ज्या अक्षराची मुले त्यांचाच.

राहिला रकमेचा प्रश्न. डिजिटल फळ्याचे आमिष असेल तर तूर्त थांबा. आधी फुटलेला आरसा बदला, आणि तोपर्यंत आरशाच्या जागी एलईडी टॉर्चवर बटर पेपर लावून खालून उजेड द्या, काम चालते. कांद्याच्या मुळाच्या अग्रातील सूत्री विभाजन, अमिबाचे द्विविभाजन आणि हायड्राचे कलिकायन (अंगावर कळी फुटून नवा जीव होणे) यांच्या कायमस्वरूपी काचपट्ट्या घ्या. सूत्री विभाजनाच्या दोन, कारण पहिली फुटतेच. गुणसूत्रे दिसायला १० पटीचे नेत्रभिंग आणि ४० किंवा ४५ पटीचे पदार्थभिंग लागते, पण शोधायला सुरुवात १० पटीच्या पदार्थभिंगानेच करायची, नाहीतर मूल भिंग काचपट्टीवर दाबते. ४६ जणांना रांगेत उभे करू नका: नेत्रभिंगाला मोबाइलचा कॅमेरा लावून फोटो काढा आणि तो सगळ्यांना दाखवून मग चौघाचौघांना प्रत्यक्ष बघू द्या.

किण्वाच्या (यीस्टच्या) कलिकायनासाठी तर विकतची काचपट्टीही नको. कपभर कोमट पाण्यात दोन चमचे साखर आणि अर्धा चमचा कोरडे यीस्ट, तास-दीड तास झाकून ठेवा, एक थेंब पातळ करून बघा. पाणी बोटाला चटका देण्याइतके गरम असेल तर यीस्ट मरते आणि काहीच दिसत नाही. फुलासाठी जास्वंद घ्या, दर दोघांत एक, आणि गावरान पाच पाकळ्यांचीच. बागेतली गच्च दुहेरी पाकळ्यांची जास्वंद आणली तर तिच्यात पुंकेसरांच्या पाकळ्या झालेल्या असतात आणि जुळलेल्या पुंकेसरांची नळी, जी दाखवायची असते, नीट सापडत नाही.